मीटरमधली रिकामी जागा

मल्टीमीटर घेताना बहुतेक जण तीन गोष्टी बघतात. आकडे ठळक दिसतात का, कंटिन्युइटीची बीप वाजते का आणि मीटर किती व्होल्टपर्यंत मोजतो. नॉबभोवती ‘१०००’ छापलेलं दिसलं की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. घरात २३० व्होल्ट, कारखान्यात फार तर ४१५, मग हा मीटर दुपटीहून दणकट झाला, असा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. नॉबवरचा आकडा मीटर किती मोजतो एवढंच सांगतो. तो हातात धरून तुम्ही कुठे हात घालू शकता, हे सांगणारी ओळ वेगळी असते. लाल-काळ्या लीड जिथे खोचतात त्या भोकांजवळ ती बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचणारे फार थोडे.

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी मोजमापाची उपकरणं दुरुस्त करते, त्यांचं कॅलिब्रेशन करते. साखर कारखाने, शीतगृहं, हॉस्पिटलं, ठेकेदारांकडचे वायरमन अशा सगळ्यांचे मीटर माझ्या टेबलावर उघडतात. नाशिकला मल्टीमीटर नवा नाही. मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स हे मीटर बनवणारे उद्योग इथलेच. इतकी वर्षं मीटरचं पोट बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. चांगला मीटर ओळखायचा असेल तर त्यात काय बसवलंय याच्याआधी त्यात किती जागा रिकामी सोडलीय ते बघावं. दोन धातूंच्या मधले ते पाच-दहा मिलिमीटर वायरमनचा जीव राखतात, आणि स्वस्तात माल काढायचा झाला की सगळ्यात आधी कात्री लागते ती त्यांनाच.

२३० व्होल्टच्या तारेत सहा हजार व्होल्ट

सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात असं आपण म्हणतो, पण एसी वीज सतत वरखाली होत असते आणि प्रत्येक हेलकाव्याच्या शिखराला ती सुमारे ३२५ व्होल्टला पोचते. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. बिनठरलेलं असतं ते याच तारेतून मधूनच येणारं उसळीचं व्होल्टेज. लाइनीजवळ वीज पडते, शेजारच्या कारखान्यात मोठी मोटर बंद होते, कपॅसिटर बँक लाइनीवर येते किंवा सुटते, आणि त्याच तारेत काही हजार व्होल्टचा झटका येऊन जातो. इंजिनीअर त्याला ट्रान्झिएंट म्हणतात. प्रयोगशाळेत त्याची जी प्रमाणित नक्कल करतात, ती सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या भागात, म्हणजे १.२ मायक्रोसेकंदात शिखर गाठते आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्मी होते. दिव्याला तो कळत नाही, पंख्याला कळत नाही. पण त्या क्षणी पॅनेलवर कोणी मीटरचे प्रोब टेकवले असतील, तर तो झटका सरळ मीटरमध्ये शिरतो.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दोन धातूंच्या मधल्या वायूतून ठिणगी केव्हा पडते याचे प्रयोग केले. त्याच्या नियमातून निघतं ते असं, की साधारण ३३० व्होल्टच्या खाली नुसत्या हवेतून ठिणगी उडी मारत नाही, अंतर कितीही कमी असलं तरी. म्हणजे घरातल्या विजेचं शिखर या मर्यादेच्या जेमतेम आत बसतं. म्हणूनच ज्या मीटरमध्ये दोन पट्ट्या एकमेकींना जवळपास चिकटलेल्या आहेत, तोही रोज २३० व्होल्ट बिनचूक दाखवत राहतो. महिने जातात, वर्षं जातात, मीटर ‘मस्त चालतो’. रोजच्या वापरात त्याची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती एकाच झटक्यात, आणि तो झटका सांगून येत नाही.

झटका स्वतः फार नुकसान करत नाही, त्याचं आयुष्यच काही मायक्रोसेकंदांचं. पण तो अपुऱ्या अंतरातून ठिणगी पाडतो आणि त्या ठिणगीच्या वाटेवरची हवा वाहक होऊन बसते. मग त्या वाटेने लाइनीतली नेहमीची वीज आत घुसते. आता व्होल्टेज २३० किंवा ४१५च असतं, पण मागे ट्रान्सफॉर्मरची सगळी ताकद उभी असते. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण भाराचा करंट होतो सुमारे ६६७ अँपिअर. त्याची इम्पीडन्स साडेचार टक्के धरली, तर त्याच्या अगदी जवळ शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट जवळजवळ १५ हजार अँपिअर होतो. एवढा करंट मीटरच्या कवचात वाहिला तर तांब्याच्या पट्ट्यांची वाफ होते, हवा क्षणात फुगते आणि मीटर हातात फुटतो. फुटताना जी आगीची भडक उठते ती प्रोबच्या टोकापर्यंत, म्हणजे पॅनेलपर्यंत जाऊ शकते. मग स्फोट मीटरपुरता राहत नाही.

कॅट म्हणजे जागेचं नाव

मल्टीमीटरचा जन्म मोठ्या पॅनेलसाठी झालेला नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनीअर डोनाल्ड मॅकाडी यांना टेलिफोनच्या लाइनी सांभाळताना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांसाठी वेगवेगळी उपकरणं वागवावी लागत. तिन्ही एकत्र करणारा त्यांचा ॲव्हो मीटर १९२३ मध्ये बाजारात आला. टेलिफोनच्या तारेमागे ट्रान्सफॉर्मरची ताकद नसते. पुढे हेच उपकरण सोयीचं म्हणून सगळीकडे गेलं, मोटरच्या स्टार्टरवर गेलं, बसबारवर गेलं. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९९० मध्ये मोजमापाच्या उपकरणांच्या सुरक्षिततेचं नवं मानक काढलं. आज ते ६१०१० या क्रमांकाने ओळखलं जातं. हातात धरायच्या मल्टीमीटरसाठी त्याचा स्वतंत्र भाग २०१२ मध्ये आला. मीटरवर दिसणारा ‘कॅट’ हा शब्द याच मानकातला.

कॅट म्हणजे मोजमापाची श्रेणी, आणि ती विजेच्या वाटेवरची जागा दाखवते. मीटरवर ती रोमन अंकांत असते. दोन उभ्या रेषा म्हणजे कॅट २, तीन म्हणजे कॅट ३, आणि एक रेषा अन् तिला लागून व्ही हे अक्षर म्हणजे कॅट ४.

सॉकेटमध्ये पिन घालून चालणारं जे काही असतं, मिक्सर, फ्रिज, टीव्ही, ते कॅट २. भिंतीतली वायरिंग, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, एमसीबी, कारखान्यातलं पॅनेल, बसबार, कायमची जोडलेली मोटर हे कॅट ३. आणि वीज जिथून आवारात शिरते ते कॅट ४, म्हणजे खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, महावितरणचा मीटर, मेन कटआउट, डीपीची, म्हणजे वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरची, लो टेन्शन बाजू. शेतात विहिरीवर जी स्टार्टरची पेटी असते तिला खांबावरून जवळजवळ थेट वायर येते, वर उघडं आभाळ असतं आणि वळवाच्या पावसात त्याच लाइनीवर वीज पडते. म्हणून ती पेटी छोटी दिसली तरी तिथे कॅट ४ धरूनच मीटर लावावा, असं मी शेतकऱ्यांना आणि वायरमनना सांगते.

जागेने एवढा फरक का पडतो? डीपीपासून जसजसं आत यावं तसतशी वायर लांबते, बारीक होते आणि झटक्याच्या वाटेत अडथळा वाढतो. मानकाने हा अडथळा आकड्यांत धरला आहे. कॅट २ची चाचणी घेताना झटका १२ ओहममधून सोडतात आणि कॅट ३ची घेताना २ ओहममधून. आता दोन मीटर शेजारी ठेवा. एकावर लिहिलंय ‘कॅट २, १००० व्होल्ट’, दुसऱ्यावर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’. दुकानात पहिला भारी वाटतो. दोघांनाही चाचणीत सहा हजार व्होल्टचा झटका देतात. पण १२ ओहममधून येणारा झटका ५०० अँपिअर देऊ शकतो आणि २ ओहममधून येणारा ३,००० अँपिअर. व्होल्टेज तेच, मागची ताकद सहापट. पॅनेलवर जायचं असेल तर ६०० लिहिलेला मीटर १००० लिहिलेल्यापेक्षा सुरक्षित आहे. वायरमनना ही गोष्ट पहिल्यांदा पटत नाही. “ताई, हजार मोठं का सहाशे मोठं?” असं मला विचारतात. मी सांगते, “दादा, आधी कॅट बघायचं, मग व्होल्ट. कॅट चुकलं तर व्होल्टच्या आकड्याला अर्थ नाही.”

श्रेणी आणि व्होल्ट मिळून झटक्याचा आकडा ठरतो. कॅट २ला ३०० व्होल्टसाठी अडीच हजार, ६००साठी चार हजार. कॅट ३ला ३००साठी चार हजार, ६००साठी सहा, १०००साठी आठ हजार. कॅट ४ला ३००साठी सहा, ६००साठी आठ आणि १०००साठी बारा हजार व्होल्ट. कॅट १ ही श्रेणी २०१०च्या आवृत्तीत काढून टाकली, त्यामुळे आज एखाद्या मीटरवर ती दिसली तर रचना जुनी समजावी.

कावळ्याची वाट आणि मुंगीची वाट

एवढ्या व्होल्टला थोपवायचं कशाने? मुख्य उत्तर आहे, अंतराने. पण अंतर दोन प्रकारचं असतं. एका ठिकाणाहून दुसरीकडे कावळा उडत सरळ जातो, मुंगीला मात्र प्रत्येक उंचवट्यावरून आणि खोबणीतून चालत जावं लागतं. विजेलाही या दोन्ही वाटा असतात. दोन धातूंच्या मधलं हवेतलं सगळ्यात जवळचं अंतर म्हणजे क्लिअरन्स. प्लॅस्टिकच्या किंवा पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीच्या, पृष्ठभागाला धरून मोजलेलं अंतर म्हणजे क्रीपेज. दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात, कारण दोन्ही वाटांवरचा धोका वेगळा आहे.

हवेतली वाट झटक्याने फुटते. सपाट, गुळगुळीत पट्ट्यांच्या मध्ये एक मिलिमीटर हवा साधारण तीन हजार व्होल्ट अडवते. पण मीटरमध्ये सगळं टोकदार असतं, सोल्डरचे टोचे, स्क्रूचं टोक, तांब्याच्या पट्टीची कड. टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं आणि ठिणगी लवकर सुटते. म्हणून इन्सुलेशनच्या अंतरांचं मूळ मानक, आयईसी ६०६६४, बरीच जास्त जागा मागतं. अडीच हजार व्होल्टच्या झटक्याला १.५ मिलिमीटर, चार हजाराला ३, सहा हजाराला ५.५, आठ हजाराला ८ आणि बारा हजाराला १४ मिलिमीटर. ही झाली मूळ इन्सुलेशनसाठी लागणारी अंतरं. जिथे माणसाचं बोट लागू शकतं, तिथपर्यंतचं अंतर याहूनही बरंच जास्त लागतं, कारण तिथे इन्सुलेशन दुहेरी ताकदीचं हवं. मीटरवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं, ते या दुहेरी इन्सुलेशनचंच.

पृष्ठभागाची वाट सावकाश फुटते, आणि आपल्या हवेत तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. प्लॅस्टिकवर धूळ बसते. पिठाच्या गिरणीत पिठी बसते, कोकणात खारी हवा लागते. जुलैत मीटर एसीच्या खोलीतून बाहेर काढला की आतून दव धरतं. धूळ आणि ओल एकत्र आली की पृष्ठभागावरून बारीक करंट झिरपू लागतो. त्याच्या उष्णतेने ओल काही ठिकाणी सुकते, सुकलेल्या पट्ट्यात बारीक ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी तिथलं प्लॅस्टिक जाळून कोळसा करते. कोळसा वीज वाहतो. मग त्या काळ्या रेषेच्या टोकापासून पुढची ठिणगी. अशी रेघ झाडाच्या मुळासारखी फांद्या फोडत सरकते आणि एक दिवस दुसऱ्या टोकाला भिडते. जुन्या स्टार्टरमध्ये बॅकेलाइटवर अशा काळ्या नक्ष्या ज्यांनी बघितल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

कुठलं प्लॅस्टिक या जळण्याला किती दाद देतं, याचीही चाचणी असते. नमुन्यावर ४ मिलिमीटर अंतराने प्लॅटिनमचे दोन इलेक्ट्रोड टेकवतात, त्यांच्यावर व्होल्टेज देतात आणि मध्ये नवसागराच्या पाण्याचे, म्हणजे अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाचे ५० थेंब एकामागून एक सोडतात. जेवढ्या व्होल्टेजपर्यंत नमुना तग धरतो, तो त्याचा सीटीआय. ६०० किंवा जास्त म्हणजे उत्तम गट, ४०० ते ६०० मधला, त्याखालचा तिसरा. पीसीबीची नेहमीची हिरवी पाटी बहुधा तिसऱ्या गटात मोडते. साधारण स्वच्छ जागेत १००० व्होल्टला उत्तम गटाच्या पदार्थावर ५ मिलिमीटर क्रीपेज पुरतं, तिसऱ्या गटाच्या पाटीवर मात्र १० लागतं. म्हणजे पदार्थ हलका वापरला तर जागा दुप्पट सोडावी लागते. जागाही सोडायची नाही आणि पदार्थही हलका, ही खरी फसवणूक.

जागा कमी असेल तर एक प्रामाणिक उपाय आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये पाटीलाच चीर पाडायची. मग पृष्ठभागाच्या वाटेला चिरेला वळसा घालून जावं लागतं आणि क्रीपेज वाढतं. मात्र चीर निदान एक मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर मानक ती धरतच नाही, कारण अरुंद चिरेत धूळ साचून तिचा पूल होतो. हेच तत्त्व तुम्ही रोज डोक्यावर बघता. खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरला छत्रीसारख्या कडा असतात. त्या कडांमुळे पृष्ठभागाची वाट लांबते आणि छत्रीखालचा भाग पावसातही कोरडा राहतो.

मीटर उघडल्यावर

माझ्या टेबलावर मीटर आला की मी आधी मागचं झाकण काढून डोळ्यांनी बघते, मग व्हर्निअर लावते. पहिली नजर लीडच्या भोकांकडे. चांगल्या मीटरमध्ये प्रत्येक भोकाभोवती कवचाची उभी भिंत असते आणि कवचाच्या दोन्ही अर्ध्यांतल्या या भिंती एकमेकींत बसतात. दुसरी नजर झाकणाच्या स्क्रूकडे. स्क्रू बाहेरून बोटाला लागतो, म्हणून त्याच्या आतल्या टोकापासून जिवंत पट्टीपर्यंत भरपूर जागा हवी. स्वस्त मीटरमध्ये मला कधीकधी हे अंतर दीड-दोन मिलिमीटर सापडलं आहे आणि बाहेर छापलेलं असतं ‘कॅट ३’. मग मी रेझिस्टर बघते. भोकातून आत येणारं व्होल्टेज एकाच इवल्याशा रेझिस्टरवर टाकलेलं असेल तर तो टिकत नाही, कारण पाटीवर चिकटवतात त्या छोट्या रेझिस्टरची स्वतःची मर्यादाच साधारण १५० ते २०० व्होल्टची असते. म्हणून जाणता निर्माता ते ओळीने चार-पाच लावतो. झटका आला तर तापून वाट अडवणारा पीटीसी आणि जास्तीचं व्होल्टेज खाऊन टाकणारे व्हॅरिस्टर यांचीही जागा तिथेच.

शेवटी फ्यूज. बाजारात दीड-दोनशे रुपयांना जो पिवळा मीटर मिळतो, त्याच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. शेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलंही असतं. करंट मोजून झाल्यावर लीड त्याच भोकात राहिली आणि तशीच फेज-न्यूट्रलला टेकवली, तर तो सरळ शॉर्ट असतो. काचेचा छोटा फ्यूज असला तरी फार फरक पडत नाही. काचेच्या साध्या फ्यूजची तोडण्याची ताकद ३५ अँपिअर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यांपैकी जी जास्त ती. म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज १०० अँपिअरपर्यंत सुरक्षित तुटेल. पॅनेलवर हजारो अँपिअर वाट बघत असतात. काच फुटते, धातूची वाफ सगळीकडे बसते आणि आर्क, म्हणजे हवेतून वाहणारा पेटता करंट, चालूच राहतो. चांगल्या मीटरमध्ये बोटाएवढा जाड सिरॅमिकचा फ्यूज असतो, १००० व्होल्टचा, आत क्वार्ट्झची वाळू भरलेली. तार वितळली की वाळू वितळून आर्कभोवती आवळते, त्याची उष्णता शोषते आणि त्याला विझवते. असा फ्यूज २० हजार अँपिअरही तोडू शकतो. तो महाग असतो, म्हणून उडाल्यावर लोक त्याच्या जागी काचेचा घालतात किंवा तारेचा तुकडा. तो तुकडा घातला त्या दिवसापासून मीटरवरची कॅटची ओळ खोटी झाली.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. आमच्यासारख्यांकडून मीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर लागतं. ते स्टिकर म्हणतं की मीटर बरोबर आकडा दाखवतो. आतली अंतरं, फ्यूज, भिंती यांबद्दल ते काहीही सांगत नाही. पिवळा मीटरही कॅलिब्रेशनमध्ये पास होऊ शकतो. सेफ्टी ऑडिटला स्टिकर दाखवून कारखाने मोकळे होतात, तेव्हा मी त्यांना कॅटची ओळ कोणती आणि फ्यूज कोणता असं मुद्दाम विचारते.

लीड, उंची आणि सूर्य

मीटर कितीही चांगला असला तरी सगळ्या साखळीची श्रेणी तिच्यातल्या सगळ्यात कमकुवत भागाएवढीच असते. मूळ लीड तुटली म्हणून फुटपाथवरून पन्नास रुपयांची आणली, की मीटरची श्रेणी पन्नास रुपयांच्या लीडची झाली. प्रोबचं उघडं धातूचं टोक कॅट ३ आणि ४साठी जास्तीत जास्त ४ मिलिमीटर असावं. कॅट २साठी ते १९ मिलिमीटरपर्यंत चालतं. कारण उघड आहे: एमसीबीच्या दाटीत लांब टोक तिरकं झालं तर दोन फेज एकत्र येतात. बऱ्याच प्रोबना टोपी असते. टोपी लावली की कॅट ३, काढली की कॅट २. ती टोपी टाकून देऊ नका.

ही सगळी अंतरं समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपर्यंतच्या हवेसाठी आहेत. त्याहून उंचावर हवा विरळ होते आणि ठिणगी लवकर पडते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, कळसूबाईही १,६४६ मीटरच आहे. पण लडाखला कामाला जाणारे आपले तंत्रज्ञ आहेत, जवान आहेत. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे अंतर १.२९ पट लागतं, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या जागी सात. म्हणून मीटरच्या पुस्तिकेत उंचीची मर्यादा काय दिली आहे ते आधी वाचावं.

महाराष्ट्रात आज सगळ्यात जास्त सांभाळायला हवं ते सौर पंपांवर आणि छतावरच्या सोलरवर. एका पॅनेलचे ४५ व्होल्ट धरले तर ओळीने जोडलेल्या पंधरा पॅनेलांचे पावणेसातशे होतात, आणि तेही डीसी. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी आर्क विझायची संधी असते. डीसीला शून्य नाही. पेटलेला आर्क पेटलेलाच राहतो. गावातला जो मुलगा काल मिक्सर दुरुस्त करत होता तो आज सोलरची तक्रार बघायला जातो, त्याच मीटरने. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला कोणी हे सांगितलेलंच नाही.

म्हणून हे सांगणं. मीटर घेताना दुकानदाराला आधी सांगा की तुम्ही तो कुठे लावणार आहात. घरचं बोर्ड किंवा कारखान्याचं पॅनेल असेल तर किमान कॅट ३, ६०० व्होल्ट. सर्व्हिस वायर, डीपी, शेतातली स्टार्टरपेटी असेल तर कॅट ४. सोलरसाठी तुमच्या ओळीच्या व्होल्टेजहून मोठ्या डीसी रेटिंगचा. सीईचा शिक्का निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. यूएल, टीयूव्ही, सीएसए, इंटरटेक यांची खूण असेल तर तिसऱ्या कोणीतरी चाचणी घेतलेली असते, मात्र खूणही खोटी छापता येते, म्हणून बिल देणाऱ्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या. फ्यूज बदलताना तोच आणि तसाच घाला. लीडची वरची साल चिरली तर ती फेका. लाइन बंद आहे का हे तपासताना आधी मीटर चालू लाइनीवर लावून बघा, मग बंद केलेल्या ठिकाणी, आणि पुन्हा चालू लाइनीवर.

पिवळा मीटर टाकून द्या असं मी म्हणत नाही. पेन्सिल सेल, गाडीची बॅटरी, मोबाईलचा चार्जर यांना तो चांगला आहे. तो भिंतीच्या आत घालू नका एवढंच.

ठेकेदारांना आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. वायरमन आपल्या रोजातून मीटर घेतो तेव्हा तो सगळ्यात स्वस्त घेणार, त्याला दुसरा मार्ग नसतो. हेल्मेट आणि हातमोजे तुम्ही देता, तसा योग्य श्रेणीचा मीटर आणि त्याचे फ्यूज तुम्हीच द्या. आयटीआयच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात मुलांना मीटर उघडून आतली अंतरं दाखवावीत. पाच-दहा मिलिमीटर रिकामी जागा सोडायला निर्मात्याला थोडं जास्त प्लॅस्टिक लागतं. एवढंसं प्लॅस्टिक वाचवण्यासाठी कोणाचा हात, कोणाचे डोळे पणाला लावण्याचा हक्क कोणालाही नाही.